कोटगढचे स्टोक्स साहेब व त्यांचे सफरचंद

सफरचंद हे फळ आता आपल्या तालुक्याच्या बाजारातही मिळू लागले आहे. दवाखान्यात आजाऱ्याच्या भेटीस जाणारा मनुष्य दोन चार फळे पिशवीत घालून नेतो. ह्या देशात पिकणारी ती फळे बहुतकरून दोन मुलखांतून येतात, एक काश्मीर आणि दुसरा सिमल्याकडील डोंगराळ प्रदेश. काश्मीरचे सफरचंद फार प्राचीन आहे. परंतु सिमल्याकडील तांबडे, लांबट व गोड सफरचंद ज्या रोपांपासून पसरले ती रोपे कोणी आणून लावली, हे आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल. तो गृहस्थ अमेरिकन होता. तो मिशनकार्यासाठी ह्या देशात आला, डोंगरी शेतकरी होऊन राहिला, सरकारच्या तुरुंगात गेला आणि शेवटी आपली मंडळी सोडून निघून गेला. अशा मनुष्याचे चरित्र आमच्या पत्रात का द्यावे, असा प्रश्न कोणी करील. आमचे उत्तर असे की, गावात चांगले झाड लावणे आणि गावकऱ्यांचे हात वेठीतून सोडविणे ही दोन कामे मुळात एकच आहेत, हे ह्या चरित्रावरून जितके स्पष्ट कळते तितके दुसरीकडून क्वचितच कळेल.

सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स ह्यांचा जन्म ता. 16 ऑगस्ट 1882 रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी झाला. घराणे क्वेकर पंथाचे होते. ह्या पंथाचे लोक शस्त्र धरीत नाहीत, साधे राहतात, व उपासनेत स्तब्ध बसून अंतःकरणातील प्रकाशाची वाट पाहतात, हे आमच्या वाचकांपैकी कित्येकांस ठाऊक असेलच. वडील मोठे कारखानदार होते. उंच इमारतींत माणसे व माल वर नेणारे यांत्रिक पाळणे त्यांच्या कारखान्यात तयार होत. मुलाने हा धंदा पुढे चालवावा, असे कोणत्याही बापास वाटावे तसे त्यांसही वाटे. परंतु मुलाचे मन व्यापारात रमेना. सिमल्याजवळ सबाथू येथे कुष्ठरोग्यांचा आश्रम चालविणारे डॉक्टर कार्लटन ह्यांची गाठ पडली, त्यांच्या तोंडून त्या दुःखी लोकांची हकीकत ऐकली, आणि 1904 च्या आरंभी वयाच्या एकविसाव्या वर्षी हा तरुण हिंदुस्थानात आला.

सबाथूस त्यांनी कुष्ठरोग्यांची सेवा केली. पुढील वर्षी, म्हणजे 4 एप्रिल 1905 रोजी, कांगड्यास भयंकर भूकंप झाला व सुमारे वीस हजार माणसे प्राणास मुकली. त्या प्रसंगी स्टोक्स साहेब मदतीच्या कामास धावून गेले. श्रमाने प्रकृती ढासळली, तेव्हा हवापालटासाठी ते कोटगढास गेले. सिमल्यापासून सुमारे पन्नास मैलांवर, सतलज नदीच्या खोऱ्यावर टेकलेला हा मुलूख आहे. तेथे एकोणिसाव्या शतकापासून मिशनचे ठाणे होते. ह्या जागेने त्यांचे मन असे धरून ठेवले की, पुढे जवळजवळ चाळीस वर्षांनी त्यांचा देह पडला तोवर कोटगढ हेच त्यांचे घर राहिले.

ह्याच सुमारास नुकताच बाप्तिस्मा घेतलेला एक शीख तरुण भगवे वस्त्र पांघरून त्या डोंगरांत फिरत होता. ते साधू सुंदरसिंग होत. त्यांचे नाव आमच्या मंडळ्यांत कोणास ठाऊक नाही? स्टोक्स साहेब व साधू सुंदरसिंग काही काळ बरोबर फिरले, व दोघांनी कुष्ठरोग्यांची सेवा केली. साहेबांनी आपली अमेरिकन राहणी टाकून दिली होती. ते अंगावर साधे वस्त्र घालीत, अल्प अन्न खात आणि काही दिवस गुहेतही राहिले. 1910 साली त्यांनी पाद्री वेस्टर्न ह्यांच्यासह येशूचे अनुकरण करणाऱ्या बंधूंचा एक संघ स्थापिला. अविवाहित राहणे, काही न बाळगणे, व दीनदुबळ्यांत वावरणे हे त्या संघाचे व्रत होते.

परंतु दोनच वर्षांत त्यांनी संघ सोडला. त्यांच्या मनाने असे घेतले की, साधूला लोक नमस्कार करतात, भिक्षाही घालतात, पण आपल्यातला म्हणून मानीत नाहीत. ज्यास कर्ज नाही, मूलबाळ नाही, पावसाची वाट पाहणे नाही, त्यास शेतकऱ्याचे दुःख बाहेरूनच दिसते. 12 सप्टेंबर 1912 रोजी त्यांनी अॅग्नेस नावाच्या एका पहाडी ख्रिस्ती मुलीशी विवाह केला. तिचे घराणे मूळचे राजपूत होते. कोटगढाजवळ थानेधारच्या धारेवर चहाच्या जुन्या मळ्याची जमीन घेऊन त्यांनी घर बांधले व स्वतः शेती आरंभिली. त्यांस पुढे सात मुले झाली. संन्यास सोडून संसार पत्करला म्हणून कित्येक जुन्या मित्रांस वाईट वाटले. परंतु ह्या पायरीवाचून पुढची गोष्ट घडली नसती.

त्या डोंगरातील शेती कशी होती हे आता सांगितले पाहिजे. उतरणीवर पायऱ्यांसारखी लहान लहान शेते, त्यांत गहू, जव व थोडे बटाटे होत. हिवाळ्यात बर्फ पडून महिनोन्‌महिने काम बंद राही. जे पिके ते घरी खाण्यास पुरेसे होई न होई, आणि रोख पैसा लागला की सावकाराचे दार धरावे लागे. हा प्रकार आमच्या दख्खनच्या शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. स्टोक्स साहेबांनी विचार केला की, ज्या थंडीने गव्हाचे नुकसान होते तीच थंडी ज्या झाडास हवी, ते झाड येथे लावावे.

सफरचंदास थंडी नुसती सोसते एवढेच नव्हे, ती त्याची गरज आहे. हिवाळ्यात पाने गाळून झाड निजते. ह्या निजेत त्यास हजार बाराशे तास कडक गारवा मिळाला नाही, तर वसंतात डोळे नीट फुटत नाहीत व बहर तुटक येतो. म्हणूनच आमच्या देशावर किंवा कोकणात हे झाड नीट होत नाही, आणि समुद्रसपाटीपासून सहा सात हजार फूट उंचीच्या डोंगरात ते आनंदाने वाढते. साहेबांच्या पूर्वीही त्या बाजूस सफरचंदे होती. कुलूच्या खोऱ्यात बंदरोल येथे कॅप्टन ली ह्यांनी 1870 च्या सुमारास विलायती जाती लावल्या होत्या, आणि सिमल्याजवळ मशोब्र्यास कौट्स नावाच्या इंग्रजाने 1887 साली बाग केली होती. परंतु त्या विलायती जातींतील पुष्कळ आंबट असत. त्या साहेब लोकांच्या टेबलावर खपत, देशी बाजारात मात्र त्यांस मागणी थोडी. शिवाय त्या बागा साहेबांच्या होत्या. गावकरी तेथे मजूर होता.

ह्या दोन्ही अडचणी स्टोक्स साहेबांनी ओळखल्या. ते अमेरिकेस जाऊन आले, आणि 1916 साली मिसूरी प्रांतातील लुइझियाना गावच्या स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेतून रेड डिलिशस नावाच्या जातीची कलमे आणवून त्यांनी थानेधारच्या धारेवर लावली. फळ मोठे, लांबट, तांबडे, बुडाशी पाच उंचवटे असलेले, आंबटपणा अगदी थोडा, वास गोड, आणि दूरच्या प्रवासात टिकणारे. हिंदुस्थानच्या बाजारास काय हवे व खेचराच्या पाठीवर काय टिकेल, ह्या दोन्ही गोष्टी त्यात साधल्या होत्या.

ह्या जातीची जन्मकथाही मनोरंजक आहे. अमेरिकेतील आयोवा प्रांतात पेरू नावाच्या खेड्याजवळ जेसी हायट नावाचा एक वृद्ध शेतकरी राहत असे. तोही क्वेकर पंथाचाच होता. 1870 नंतरच्या वर्षांत त्याच्या बागेत रांग सोडून एक रोप आपोआप उगवले. त्याने ते छाटून टाकले. ते पुन्हा फुटले. पुन्हा छाटले, तरी पुन्हा फुटले. तेव्हा ह्यास जगावयाचेच आहे असे पाहून त्याने ते राखले, व काही वर्षांनी त्यास जे फळ आले ते चाखून तो थक्क झाला. 1893 साली त्याने ती फळे स्टार्क बंधूंनी भरविलेल्या प्रदर्शनास पाठविली. स्टार्क बंधूंस फळ फार आवडले, परंतु पाठविणाऱ्याचे नाव हरवले. पुढील वर्षी फळे पुन्हा आली तेव्हा पत्ता लागला, व त्यांनी त्या झाडाचा हक्क विकत घेतला. दोनदा कापून टाकलेल्या रानटी रोपाची संतती पुढे अर्ध्या जगात पसरली.

संतती हा शब्दही येथे बरोबर नाही. ज्याने हापूसची कोय लावून पाहिली असेल त्यास ठाऊकच आहे की, कोयीपासून निघालेले झाड आईसारखे फळ देईलच असे नाही. सफरचंदाचेही तसेच आहे. बी लावाल तितक्या निराळ्या जाती निघतील, व त्यांत चांगली हजारात एखादी. म्हणून जुनी जात राखावयाची तर एकच उपाय, कलम. रानटी सफरचंदाचे रोप खुंट म्हणून वाढवावयाचे, हिवाळा सरता सरता हव्या त्या झाडाची पेन्सिलीएवढी काडी घ्यावयाची, दोहोंस जिभेसारखा काप देऊन सालीस साल भिडवावयाची, आणि घट्ट बांधून ठेवावयाचे. जैतुनाच्या कलमाचा दृष्टान्त आमच्या उपदेशक बंधूंस पाठच असेल. अशा रीतीने पाहिले असता आयोवातील त्या एकाच झाडाचे लाकूड हातोहात पुढे जात जात कोटगढास पोहोचले. ह्यात एकाही पिढीने काडी पुढे देण्याचे सोडले असते, तर जात तेथेच संपली असती.

आता लागवडीचा क्रम सांगतो. पाने गळून झाड निजले असता, म्हणजे डिसेंबरापासून फेब्रुवारीपर्यंत, कलम लावतात. महिना दीड महिना आधी हात दोन हात खोल खड्डा खणून माती उघडी ठेवितात, मग त्यात कुजलेले शेणखत मिसळून तो भरतात. बियांच्या खुंटावरील झाड मोठे होते, म्हणून दोन झाडांत वीस पंचवीस फूट अंतर लागते. कलमाचा सांधा मातीच्या वर राखावा लागतो. तो पुरला गेला तर वरच्या काडीसच मुळे फुटतात व खुंटाचा गुण नाहीसा होतो. नंतर दर हिवाळ्यास छाटणी. झाडाच्या मध्यभागी ऊन व वारा खेळेल अशा बेताने फांद्या राखावयाच्या, आणि फळ धरणाऱ्या आखूड गाठाळ काड्या जपावयाच्या. आळ्यात शेणखत घालावयाचे, उन्हाळ्यापूर्वी वाळक्या गवताचे आच्छादन करावयाचे. एवढे करूनही पहिले भरघोस फळ येण्यास सहा ते आठ वर्षे लागतात.

शिवाय ह्या जातीचा एक स्वभाव आहे. तिच्या फुलांस स्वतःचा पराग चालत नाही. एकट्या रेड डिलिशसची बाग कितीही फुलली तरी फळावाचून राहावयाची. जवळ दुसऱ्या जातीची झाडे हवीत, आणि त्यांचा पराग नेणाऱ्या मधमाशा हव्यात. 1921 साली स्टोक्स साहेबांच्या मातोश्रींनी नाताळची भेट म्हणून गोल्डन डिलिशस ह्या पिवळ्या जातीची रोपे अमेरिकेहून धाडिली. ही पिवळी जात त्या तांबड्या जातीबरोबर फुलते व तिला उत्तम पराग पुरविते. आईच्या भेटीने मुलाच्या बागेचे मोठे काम झाले.

पण बाग लावली म्हणजे गाव सुधारला असे होत नाही. स्टोक्स साहेबांस हे लौकरच दिसून आले. हिंदुस्थान व तिबेट ह्यांस जोडणारा रस्ता त्या मुलखातून जातो. त्या रस्त्याने दौऱ्यावरचे अंमलदार, शिकारी व हवा खाणारे साहेब लोक जात, आणि त्यांचे तंबू, पेट्या, खाटा व भांडी वाहून नेण्याचे काम गावकऱ्यांवर सक्तीने लादले जाई. हीच वेठ, तिकडे तिला बेगार म्हणतात. घरटी माणूस हजर झालाच पाहिजे. मजुरी मिळाली तर नावापुरती, नाही तर तीही नाही. वर दूध, लाकूड व गवत पुरवावे लागे ते निराळेच. आणि साहेब लोकांचे दौरे कोणत्या दिवसांत? बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत, म्हणजे ज्या दिवसांत पेरणी, खुरपणी व कापणी करावयाची नेमक्या त्याच दिवसांत. शेतातील गहू झडत असता मालकाने परक्याची पेटी डोक्यावर घेऊन नारकंड्याची चढण चढावी, असा तो प्रकार होता.

येथे आमच्या वाचकांनी थोडे थांबून विचार करावा. सफरचंद हे फळ दिवस साधून काढावे लागते. आठ दिवस आधी काढले तर चव नाही, आठ दिवस उशीर झाला तर फळ पीठूळ होते व वाटेतच सडते. ज्याचे हात दुसऱ्याच्या हुकमाखाली आहेत त्याने अशी बाग कोणत्या भरवशावर लावावी? रोपे फुकट वाटली तरी त्यांचे फळ वेठीच्या वाटेवरच सांडले असते. म्हणून स्टोक्स साहेबांनी कुदळीबरोबर लेखणीही हाती घेतली. त्यांनी अंमलदारांस अर्ज केले, वर्तमानपत्रांत लिहिले, आणि गावोगाव सभा भरवून लोकांस एकजुटीने नाही म्हणण्यास शिकविले. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, केवळ वेठीस जावयाचे नाही एवढेच. पुढाकार कोटगढच्या लोकांनी घेतला व आसपासच्या गावांनी साथ दिली. 1921 साली सरकारास नमते घ्यावे लागले, आणि त्या भागातील सक्तीची वेठ बंद झाली.

ह्या झगड्याने ते राष्ट्रीय सभेच्या चळवळीत ओढले गेले. डिसेंबर 1920 मध्ये आमच्या नागपुरास जी राष्ट्रीय सभा भरली तिला ते कोटगढचे प्रतिनिधी म्हणून हजर होते. त्यांनी खादी धारण केली. ऑक्टोबर 1921 मध्ये मुंबईस पुढाऱ्यांनी एक जाहीरनामा काढून, सरकारी मुलकी व लष्करी नोकरी सोडणे हे हिंदी माणसाचे कर्तव्य होय असे प्रसिद्ध केले. त्यावर महात्मा गांधींबरोबर सही करणाऱ्यांत परदेशात जन्मलेले स्टोक्स साहेब एकटेच होते. ता. 3 डिसेंबर 1921 रोजी लाहोरास जाताना वाघा येथे त्यांस पकडण्यात आले. चांगल्या वर्तनाचा जामीन द्या म्हणजे सोडतो, असे सांगण्यात आले असता त्यांनी जामीन नाकारला व सहा महिन्यांची कैद पत्करली. गोऱ्या कैद्यास मिळणाऱ्या सवलतीही त्यांस नको होत्या. घरी पत्नी व लहान मुले होती. गांधीजींनी आपल्या यंग इंडिया पत्रात त्यांच्याविषयी मोठ्या आदराने लिहिले.

तुरुंगातून सुटल्यावर ते हळूहळू राजकारणातून निघाले व शेतीकडे वळले. 1916 ची कलमे ह्याच दशकात भरास आली. आता त्यांनी गावकऱ्यांस रोपे दिली, खुंट कसा वाढवावा, काडी कशी बांधावी, छाटणी कोठे करावी हे शिकविले, व फळ विकण्याची वाटही दाखविली. शेतकऱ्याची शंका उघडच होती. आज गहू देणारे शेत अडवून सात वर्षांनी फळ देणारे झाड लावावयाचे, तर मधली सात वर्षे खावे काय? तिचे उत्तर असे की, झाडे लहान असेतोवर त्यांच्या मधल्या जागेत बटाटे, मटार व डाळी घेता येतात. कोणी धाडस करून एक पायरी लावी, शेजारी त्याकडे पाहत बसे, व फळाचा पैसा हाती आलेला दिसला की मग आपली दुसरी पायरी लावी. शेतकी सुधारणा व्याख्यानाने पसरत नाही, ती बांधावरून पाहून पसरते, हे आम्हांसही अनुभवाने ठाऊक आहे.

काढणीचे दिवस जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरापर्यंत असतात. खालच्या उंचीवरील बागा आधी व वरच्या मागाहून. फळ तयार झाल्याची खूण तांबड्या रंगावरून धरू नये, कारण तांबडा रंग उन्हाने लौकरही चढतो. तांबड्याच्या आड जो मूळचा हिरवा रंग असतो तो पिवळट होऊ लागला, आणि फळ कापून पाहता बी तपकिरी दिसले, म्हणजे दिवस भरले असे समजावे. फळ ओढून तोडू नये. तळहातात धरून वर उचलावे व किंचित वळवावे, म्हणजे ते देठासह सुटून येते. देठ फळात राहिला तर फळ टिकते, निघाला तर त्या छिद्रातून कूज शिरते. आणि ओढताना ती आखूड फळकाडीच मोडली, तर पुढच्या वर्षाचे फळही आजच तोडल्यासारखे होते. टोपलीत गवत किंवा कापड घालून फळ अलगद ठेवावयाचे, टाकावयाचे नाही. मग सावलीत निवड. मोठे, मध्यम, लहान, व डागी निराळे. त्या काळी निवडलेली फळे कागदात गुंडाळून लाकडी पेट्यांत रचीत, आणि खेचरांवर लादून सिमल्याच्या वाटेस लावीत. तेथून 1903 साली सुरू झालेली आगगाडी कालक्यापर्यंत माल उतरवी. ज्या वाटेने गावकरी परक्याची पेटी वेठीने वाहत होता, त्याच वाटेने आता त्याची स्वतःची पेटी बाजारास जाऊ लागली.

1924 साली साहेबांचा तारा नावाचा लहान मुलगा आजारी पडून वारला. बापाने दुःख पोटात घालून मुलाच्या नावाने गावच्या मुलांसाठी शाळा काढली. डोंगरातील पुष्कळ मुले प्रथम त्या शाळेतच शिकली.

आता जी गोष्ट सांगणे आम्हांस जड जाते, तीही सांगितली पाहिजे. ती झाकून चरित्र लिहिणे हे सत्यास धरून होणार नाही. साहेबांनी संस्कृत शिकून उपनिषदे व गीता ह्यांचा पुष्कळ अभ्यास केला. शाश्वत दंडाची शिकवण त्यांच्या मनास पटेना. शिवाय ज्या लोकांत राहावयाचे त्यांच्यापासून आपण धर्माने निराळे का, हा प्रश्न त्यांस सतत टोचू लागला. 1932 साली त्यांनी हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद हे नाव घेतले, व पत्नी अॅग्नेस प्रियादेवी झाल्या. 1937 साली थानेधार येथे त्यांनी परमज्योती मंदिर बांधिले. ज्या मिशनच्या आश्रयाने ते प्रथम कोटगढास आले तेथील बंधूंस ह्याने किती दुःख झाले असेल, ते आम्ही समजू शकतो. ह्या त्यांच्या निवाड्याशी आम्ही सहमत नाही. परंतु कुष्ठरोग्याचे पाय धुणारा, वेठीविरुद्ध उभा राहणारा व शेजाऱ्यास कलम बांधण्यास शिकविणारा मनुष्य एकच होता, आणि ते शिक्षण त्याने कोणाच्या पायाशी घेतले हे आम्ही जाणतो. ज्यांस त्याने रोपे दिली त्यांत सर्व जातींचे व पंथांचे लोक होते. देताना त्याने कोणास धर्म विचारला नाही. मग आम्ही त्याची आठवण करताना प्रथम तोच प्रश्न का विचारावा?

ता. 14 मे 1946 रोजी सत्यानंद स्टोक्स वारले. वय त्रेसष्ट वर्षांचे होते. ज्या स्वराज्यासाठी ते तुरुंगात गेले ते येण्यास तेव्हा सव्वा वर्ष उरले होते. त्यांच्या मागे ते झाड वाढतच गेले. आज हिमाचल प्रदेशात एक लाख हेक्टरांहून अधिक जमीन सफरचंदाखाली आहे, व सिमला जिल्हा त्यात अग्रेसर आहे. ज्या कोटगढात सावकारावाचून चालत नसे तेथील पुष्कळ घरे ह्या फळाने सुखवस्तू झाली.

तरी त्या जुन्या जातीचे दिवस आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. अमेरिकेत बाजाराच्या हट्टाने फळ अधिकाधिक तांबडे करण्याच्या नादात चव गेली, साल जाड झाली, आणि 2018 च्या सुमारास गाला नावाच्या जातीने तिचे पहिले स्थान घेतले. हिमाचलातही बुटक्या खुंटांवरील नव्या जाती आल्या आहेत. त्या दोन तीन वर्षांतच फळ देऊ लागतात, म्हणून कित्येक शेतकरी आजोबांनी लावलेली मोठी झाडे काढून त्या लावीत आहेत. हिवाळे पूर्वीइतके थंड राहिले नाहीत, त्यामुळे खालच्या उंचीवरील बागांस पुरता गारवा मिळत नाही व सफरचंद वरवर, किन्नौर व स्पितीकडे, चढत चालले आहे. भर बहरात गारपीट झाली तर एका दुपारी वर्षाची मेहनत जाते. मधमाशा कमी झाल्याने बहराच्या दिवसांत पोळ्यांच्या पेट्या भाड्याने आणून बागेत ठेवाव्या लागतात. जे शेतकरी जुन्या रोपांची काडी अजून जपून ठेवितात ते केवळ आठवण म्हणून जपीत नाहीत. मोठ्या खुंटावरचे झाड खोल मुळे घालून कोरड्या उतरणीवर तग धरते, पाण्याची सोय नसेल तेथे ह्या गुणाचे मोल फार आहे.

प्रिय वाचकहो, आपल्या गावी सफरचंद व्हावयाचे नाही. सीताफळ, आंबा, चिंच, शेवगा, जे आपल्या मातीस मानवेल तेच आपण लावावे, व आपल्या आजीच्या वेळची जी चांगली जात परसात उरली असेल तिची काडी किंवा बी शेजाऱ्यास द्यावे. आमच्या उपदेशक बंधूंस मात्र आणखी एक विनंती आहे. गावात रोप घेऊन जाल तेव्हा हेही विचारा की, हे झाड फळास येईल त्या दिवशी लावणाऱ्याचे हात मोकळे असतील काय? त्याच्या शेतावर कोणाचे कर्ज, कोणाचा हुकूम, कोणाची वेठ तर नाही ना? असेल तर रोपाचा खड्डा खणण्यापूर्वी ती गाठ सोडविण्यास त्याच्या बरोबर उभे राहा. कोटगढच्या धारेवर हे दोन्ही उद्योग एकाच माणसाने, पाच वर्षांच्या अंतराने, आपल्या शेजाऱ्यांसह केले, आणि त्यांचे फळ आज त्या शेजाऱ्यांची नातवंडे खात आहेत.